त्याला सारे फार मोकळे वाटले

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गात मी ‘हॅम्लेट’ शिकवत होतो. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात हॅम्लेट आपल्या मित्राला, होरेशिओला, म्हणतो, ‘मीथिंक्स आय सी माय फादर’, आणि होरेशिओ दचकून विचारतो, ‘कुठे?’ त्या ओळीपाशी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने हात वर केला. ती म्हणाली, “सर, ‘आय’बरोबर ‘थिंक’ येते, ‘थिंक्स’ येत नाही, असे तुम्हीच मागच्या वर्षी शिकवले होते. ‘एस’ फक्त तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्याला लागतो. मग ‘मीथिंक्स’मध्ये तो कसा आला?”

माझ्या हातातल्या प्रतीत तळटीप होती आणि तीत ‘मीथिंक्स’चा अर्थ ‘आय थिंक’ असा दिला होता. मी तोच सांगितला आणि जुन्या इंग्रजीत असे प्रयोग चालत, असे म्हणून पुढच्या ओळीकडे वळलो. ते उत्तर नव्हते, हे तिला कळले होते आणि मलाही. तिने विचारलेला प्रश्न व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होता. क्रियापदाला तृतीयपुरुषी प्रत्यय लागला असेल, तर कर्ता ‘मी’ असूच शकत नाही. मग कर्ता कोण? आणि ते ‘मी’ कोणते?

त्या संध्याकाळी मी कोश उघडले. पुढे दोन-तीन वर्षे, जमेल तशी, प्राचीन इंग्रजीची व्याकरणे आणि मूळ संहिता वाचत राहिलो. त्या वाचनातून जे हाती आले ते मराठी वाचकाला सांगावे, असे फार दिवस मनात होते. कारण इंग्रजीतले हे मेलेले क्रियापद समजून घेण्याची किल्ली आजच्या इंग्रज माणसाकडे राहिलेली नाही, आणि आपल्या घरात मात्र ती दिवसातून शंभर वेळा वापरली जाते.

‘मीथिंक्स’मधले ‘थिंक’ हे ‘विचार करणे’ या अर्थाचे ‘थिंक’ नाही. प्राचीन इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे होती. देवनागरीत त्यांचे उच्चार जवळपास ‘थेंचान’ आणि ‘थ्युंचान’ असे लिहिता येतील. दोन्ही एकाच मुळाची, पण कामे निराळी. ‘थेंचान’ म्हणजे विचार करणे. त्याला विचार करणारा कर्ता लागे आणि तो प्रथमेत असे. ‘थ्युंचान’ म्हणजे वाटणे, भासणे. त्याचा कर्ता ती भासणारी गोष्ट असे आणि ज्याला ती भासते तो चतुर्थीत येई. भूतकाळात तर स्वरांचा फरक आणखी स्पष्ट होता: पहिल्याचे ‘थोख्ते’, दुसऱ्याचे ‘थूख्ते’. ‘मे थ्युंक्थ’ या प्राचीन वाक्यांशाचा शब्दाला शब्द ठेवून मराठी अर्थ होतो ‘मला वाटते’. इथे एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. प्राचीन इंग्रजीतले हे ‘मे’ आणि संस्कृतमधले ‘मह्यम्’ या अर्थाचे ‘मे’ ही एकाच मूळ सर्वनामाच्या घराण्यातली आहेत. कालांतराने इंग्रजीत त्या ‘मे’चा उच्चार ‘मी’ झाला, आणि देवनागरीत ‘मीथिंक्स’ असे लिहिले की मराठी डोळ्याला ते आपले प्रथमेतले ‘मी’ दिसते. प्रत्यक्षात ते ‘मला’ आहे. माझ्या विद्यार्थिनीला पडलेले कोडे या एका अक्षरात होते.

मध्ययुगात इंग्रजीचे स्वर बदलत गेले, ‘थेंचान’मधला ‘ए’ पुढच्या अनुनासिकामुळे ‘इ’कडे सरकला, ‘थ्युंचान’मधला ओठ गोल करून उच्चारायचा स्वरही ‘इ’च झाला, आणि दोन क्रियापदे कानाला एकसारखी ऐकू येऊ लागली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत ‘मी थिंकेथ’ असे लिहिले तेव्हा रूप एक झाले होते, पण रचना जिवंत होती: मला हे सयुक्तिक वाटते की प्रत्येक यात्रेकरूचे वर्णन आधी करावे, असे तो म्हणतो. ‘थिंकेथ’मधला ‘एथ’ हा दक्षिणेकडचा तृतीयपुरुषी प्रत्यय. उत्तरेकडच्या बोलीत त्या जागी ‘एस’ होता, तो पुढे लंडनच्या भाषेतही रुळला, आणि ‘मी थिंकेथ’चे ‘मीथिंक्स’ झाले. जर्मन भाषेने मात्र ही दोन भावंडे वेगळी राखली. ‘डेंकेन’ म्हणजे विचार करणे आणि ‘ड्युंकेन’ म्हणजे वाटणे. दुसरे आता पुस्तकी झाले असले तरी कोशात आणि जुन्या गद्यात ते स्वतःच्या रूपाने उभे आहे.

एवढ्याने विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर झाले. परंतु व्याकरण सुटल्यावर माझे कुतूहल वाढले, कारण हे क्रियापद ज्या ज्या ठिकाणी भेटत गेले ती ठिकाणे साधी नव्हती.

नवव्या शतकाच्या शेवटच्या दशकात वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने पोप ग्रेगरी यांच्या ‘पास्टोरल केअर’ या लॅटिन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्याच्या प्रती आपल्या बिशपांना पाठवल्या. सोबत एक पत्र जोडले. वूस्टरच्या बिशपांना पाठवलेली ती प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आजही आहे. व्हायकिंगांच्या स्वाऱ्यांनी मठ जळाले, विद्या लयाला गेली, लॅटिन समजणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली, याचे दुःख त्या पत्रात आहे. त्यावर उपाय सांगताना राजा लिहितो: म्हणून मला हे बरे वाटते, तुम्हालाही तसे वाटत असेल तर, की सर्व माणसांना जी पुस्तके कळणे अत्यंत आवश्यक आहे ती आपण सर्वांना समजणाऱ्या भाषेत आणावीत. ‘मला वाटते’ आणि ‘तुम्हाला वाटत असेल तर’ या दोन्ही ठिकाणी क्रियापद तेच, ‘थ्युंचान’. हे पत्र लिहिणारा माणूस डेन लोकांना, म्हणजे त्याच व्हायकिंगांना, हरवून आलेला राजा आहे. त्याला आज्ञा करता आली असती. त्याने आपले मत स्वतःला आलेल्या अनुभवासारखे मांडले आणि समोरच्यालाही तोच अनुभव येतो का, हे विचारायला जागा ठेवली. आपल्याकडे चारशे वर्षांनंतर गीता मराठीत आली. तिथेही सर्वांना कळेल त्या भाषेत, हाच ध्यास होता. त्यामुळे आल्फ्रेडचे हे वाक्य वाचताना मला परक्या भूमीवर असल्यासारखे वाटत नाही.

दुसरे ठिकाण ‘बेओवुल्फ’. प्राचीन इंग्रजीतल्या या महाकाव्याची एकच हस्तलिखित प्रत जगात उरली आहे. ती सुमारे इसवी सन 1000च्या आसपासची असून 1731 साली लंडनमधील आगीत तिच्या पानांच्या कडा करपल्या. काव्याच्या उत्तरार्धात त्याचा नायक, वृद्ध बेओवुल्फ, ड्रॅगनशी लढायला जाण्यापूर्वी एका कड्यावर बसतो आणि आपल्या आजोबांची, राजा ह्रेथेलची, आठवण सांगतो. ह्रेथेलच्या धाकट्या मुलाचा बाण चुकला आणि थोरल्याला लागला. थोरला मेला. मारणारा आणि मेलेला दोघेही आपलेच, त्यामुळे सूड घेता येत नाही, भरपाई मागता येत नाही, नुसते जगत राहायचे. हे दुःख कसे होते हे सांगण्यासाठी बेओवुल्फ आणखी एका म्हाताऱ्या बापाचे उदाहरण देतो, ज्याचा तरुण मुलगा फासावर चढला आहे. तो बाप रोज सकाळी मुलाच्या आठवणीने जागा होतो. दुसरा वारस होण्याची वाट पाहावी, असे त्याला वाटत नाही. मुलाच्या ओस पडलेल्या दालनाकडे तो पाहतो. तिथे आता फक्त वारा आहे, वीणेचा नाद नाही, अंगणात पूर्वीची हसणी-खिदळणी नाहीत. मग तो आपल्या बिछान्याकडे जातो आणि एकटाच त्या एकट्यासाठी शोकगीत गातो. आणि पुढची ओळ अशी: ‘थूख्ते हिम एआल तो रूम’.

त्याला सारे फार मोकळे वाटले. शेते आणि घर.

‘हिम’ म्हणजे त्याला, ‘एआल’ म्हणजे सारे, ‘तो’ म्हणजे फार, प्रमाणाबाहेर. ‘रूम’ म्हणजे ऐसपैस, मोकळे. खोली या अर्थाचा आजचा इंग्रजी ‘रूम’ याच मुळातला. शेत तेवढेच आहे, घर तेवढेच आहे, एक भिंतही हललेली नाही. जे वाढले आहे ते फक्त त्या बापाला वाढलेले आहे. हे सांगण्यासाठी कवीला दुःखाचा उच्चार करावा लागला नाही. एक क्रियापद आणि एक चतुर्थी एवढ्यावर त्याचे काम झाले. या ओळीची आधुनिक इंग्रजी भाषांतरे मी पाहिली आहेत. ‘सीम्ड टू हिम’ असे म्हणावे लागते, आणि ते चुकीचे मुळीच नाही. पण इंग्रजीत ‘टू हिम’ हा जोडून दिलेला तुकडा आहे, काढला तरी वाक्य उभे राहते. शिवाय ‘सीम’ हे क्रियापद स्कँडिनेव्हियातून आलेले आणि त्याला संशयाचा किंचित वास आहे: वाटले खरे, पण तसे नसावे. मूळ क्रियापदात तो संशय नाही. मराठीत मी ती ओळ भाषांतरित करायला बसलो तेव्हा भाषांतर असे काही करावेच लागले नाही. ‘त्याला’ तिथे आधीच होते, ‘वाटले’ही होते.

मला वाटते, या क्रियापदाचे खरे घर दुःख आणि स्वप्न यांच्या सीमेवर होते. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातले एक हस्तलिखित उत्तर इटलीतल्या व्हर्चेली या गावी आहे. त्यात ‘ड्रीम ऑफ द रूड’ ही स्वप्नकविता आहे. मध्यरात्री, सारे बोलणारे झोपी गेल्यावर, कवीला एक क्रूस दिसतो आणि तो क्रूस बोलू लागतो. कवितेच्या दुसऱ्या ओळीत ‘मे गेमॅट्टे’ असे शब्द आहेत, चौथ्या ओळीत ‘थूख्ते मे’. यातले पहिले क्रियापद स्वप्न पडण्याचे. तेही इंग्रजीतून नाहीसे झाले. प्राचीन इंग्रजीत त्याचा कर्ता माणूस नव्हता, स्वप्न माणसाला पडे, आपल्याला पडते तसेच. चॉसरच्या एका कथेतला कोंबडासुद्धा आपल्या कोंबडीला घाबऱ्याघाबऱ्या सांगतो की मला असे स्वप्न पडले की मी मोठ्या संकटात सापडलो, आणि त्याच्या तोंडी अजून ‘मी मेट्टे’ हे रूप आहे. आजचा इंग्रज ‘आय हॅड अ ड्रीम’ म्हणतो, म्हणजे स्वप्न त्याच्याजवळ असते. आमच्या अंगावर ते पावसासारखे पडते. पाडणारा कुणी नाही, तरी पडते.

शेक्सपिअरच्या काळापर्यंत या क्रियापदाचा संसार आटला होता. ‘हिम थॉट’, ‘हर थॉट’ ही रूपे जवळजवळ गेली होती आणि ‘मीथिंक्स’, ‘मीथॉट’ ही दोनच, जोडाक्षरासारखी घट्ट झालेली, उरली होती. बोलणाऱ्याला त्यांच्या आतले सांधे दिसेनासे झाले होते, याचा एक सुंदर पुरावा ‘रिचर्ड द थर्ड’मध्ये आहे. कैदेतला क्लॅरेन्स आपल्या बुडून मरण्याच्या स्वप्नाची हकीगत सांगताना ‘मीथॉट्स’ असे म्हणतो. भूतकाळाच्या रूपाला ‘एस’ लावण्याला व्याकरणात काहीही आधार नाही. ‘मीथिंक्स’मध्ये आहे म्हणून इथेही तो कानाने लावला. तरीदेखील, सांधे विसरले असले तरी शब्दाचा स्वभाव त्या नाटककाराला पक्का ठाऊक होता. क्लॅरेन्सला समुद्रतळाशी हजार बुडालेली जहाजे दिसतात तेव्हा ‘मीथॉट’ येते. खून करून आलेला मॅकबेथ सांगतो की ‘यापुढे झोप नाही’ असे कुणी ओरडल्याचे मला ऐकू आल्यासारखे वाटले, तिथे ‘मीथॉट’. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला बॉटम विणकर जागा होऊन, आपण काय झालो होतो ते कुणालाच सांगता येणार नाही, असे म्हणतो, तिथेही ‘मीथॉट’.

म्हणूनच हॅम्लेटच्या त्या ओळीला ‘आय थिंक’ ही तळटीप देणे मला आता पटत नाही. हॅम्लेट मत व्यक्त करत नाही. वडील गेले आहेत आणि ते डोळ्यांपुढे आले आहेत, त्याने आणलेले नाहीत. आदल्या रात्री वडिलांचे भूत प्रत्यक्ष पाहिलेला होरेशिओ ‘कुठे?’ असे विचारतो, त्यात त्याचे भय आहे; आणि हॅम्लेट ‘मनाच्या डोळ्यांसमोर’ असे उत्तर देतो. ‘मला बाबा दिसल्यासारखे वाटतात’ असे मराठीत म्हटले की होरेशिओचे दचकणे लगेच कळते. ‘मी विचार करतो की मी माझ्या वडिलांना पाहतो’ असे म्हटले तर दचकण्यासारखे काही उरतच नाही. याच नाटकातले राणीचे ‘द लेडी डथ प्रोटेस्ट टू मच, मीथिंक्स’ हे वाक्य जगभर उद्धृत होते, बहुधा ‘मीथिंक्स’ पुढे आणून. मूळ वाक्यात तो शब्द शेवटी आहे, आणि ‘प्रोटेस्ट’चा अर्थ तिथे निषेध नसून शपथा घेणे, आणाभाका करणे असा आहे. नाटकातल्या नाटकातली राणी पुन्हा लग्न करणार नाही अशा शपथा घेते, आणि पुन्हा लग्न केलेली खरी राणी ते पाहून म्हणते, बाई जरा जास्तच शपथा घेते, असे मला वाटते. तो शेवटी आलेला शब्द तिचा बचाव आहे. 1883 साली आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने हे नाटक मराठीत आणले. त्यांच्या हाती हे क्रियापद आयते, चालते-बोलते होते, याचा विचार मनात येतो तेव्हा मला फार आनंद होतो.

मिल्टनने आपल्या एका सुनीताची सुरुवात ‘मीथॉट’ या शब्दाने केली. 1652च्या सुमारास तो पूर्ण आंधळा झाला होता. सुनीतात त्याची मरण पावलेली पत्नी शुभ्र वस्त्रात, चेहऱ्यावर पडदा घेऊन, त्याच्याकडे येते, त्याला आलिंगन द्यायला वाकते, आणि तेवढ्यात तो जागा होतो. ती निघून जाते आणि दिवस त्याला त्याची रात्र परत आणून देतो. आंधळ्या माणसाला जे दिसले ते सांगायला त्याने पाहण्याचे नव्हे, वाटण्याचे क्रियापद आधी घेतले.

मग हे क्रियापद गेले कसे? त्याचे उत्तर ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडिताने एका छोट्या उदाहरणात दिले आहे, आणि ते मराठी माणसाइतके चटकन दुसऱ्या कुणाला कळेल असे मला वाटत नाही. प्राचीन इंग्रजीत ‘राजाला नासपती आवडत’ हे वाक्य असे असे: ‘थाम क्युंगे लिकोदोन पेरान’. ‘थाम क्युंगे’ म्हणजे राजाला, चतुर्थी. ‘लिकोदोन’ हे अनेकवचनी, कारण नासपती अनेक आहेत. मराठीतही हेच: मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात, मला चिंच आवडते. माझे लिंगवचन कोणतेही असो, क्रियापद आंब्याच्या आणि चिंचेच्या मागे चालते. पुढे इंग्रजीतल्या नामांचे विभक्तिप्रत्यय झडले. ‘राजाला’मधला ‘ला’ गेला आणि नुसता ‘राजा’ उरला. भूतकाळी क्रियापदाचे वचनही दिसेनासे झाले. आता ‘द किंग लाइक्ड पेअर्स’ या वाक्यात राजा क्रियापदाच्या आधी उभा आहे, आणि इंग्रजीत तोपर्यंत क्रियापदाच्या आधी उभा राहील तो कर्ता, असा शिरस्ता पडत चालला होता. म्हणून कुणी न ठरवता, एकही शब्द न हलवता, राजा कर्ता झाला. त्याच्या जागी सर्वनाम घातले तर ‘हिम’ नव्हे, ‘ही’ येऊ लागले. भूक लागणे, तहान लागणे, पश्चात्ताप होणे, आवडणे, वाटणे ही सारी क्रियापदे अशी एकेक करून माणसाच्या ताब्यात गेली. मॅथ्यूच्या शुभवर्तमानाच्या प्राचीन इंग्रजी भाषांतरात ‘मला भूक लागली होती आणि तुम्ही मला खायला दिले’ या वाक्यात ‘मे’ आहे. आज तिथे ‘आय वॉज हंग्री’ आहे.

थोडे अवशेष राहिले. ‘इफ यू प्लीज’ म्हणताना आजचा इंग्रज ‘यू’ला कर्ता समजतो, मुळात तो ‘तुम्हाला रुचत असेल तर’ असा चतुर्थीतला ‘यू’ होता. ‘वो इज मी’मधला ‘मी’ तर उघडच चतुर्थीतला, नाहीतर ‘दुःख म्हणजे मी’ असा भलताच अर्थ होईल. 1611च्या अधिकृत बायबलात पहारेकरी दुरून धावत येणाऱ्या माणसाची चाल ओळखतो तेव्हा ‘मी थिंकेथ’ म्हणतो. त्यानंतर हळूहळू हा शब्द गद्यातून उतरला आणि आज इंग्रज माणूस तो गमतीने, जुना अंगरखा चढवावा तसा वापरतो.

तिकडे आइसलँडमध्ये याच क्रियापदाचे सख्खे भावंड रोजच्या बोलण्यात आहे. ‘मेर थिकिर’ म्हणजे मला वाटते. तिथल्या भाषेत ही चतुर्थी इतकी बळकट आहे की ज्या काही क्रियापदांबरोबर परंपरेने द्वितीया यायला हवी तिथेही लोक चतुर्थी वापरू लागले आहेत. तिथले शिक्षक मुलांना त्यावरून टोकतात आणि या सवयीला त्यांच्या भाषेत ‘चतुर्थीचा आजार’ अशा अर्थाचे नाव आहे. मला तो आजार वाटत नाही. भाषेला एखादी रचना किती आतून हवी असते, याची ती खूण आहे.

आपल्याकडे या रचनेची मुळे खोल आहेत. पाणिनीने रुचण्याच्या अर्थाच्या धातूंबरोबर ज्याला रुचते तो संप्रदान, म्हणजे चतुर्थीत, असे स्वतंत्र सूत्र केले आहे. मराठीने तर तिचा संसार फार वाढवला. मी बघतो, पण मला दिसते. मी ऐकतो, पण मला ऐकू येते. मी शिकतो, आणि एक दिवस मला येते. मी विचार करतो, पण मला सुचते, मला पटते, मला आठवते. यातली पहिली क्रिया माझ्या हातात आहे, दुसरी नाही. गोव्यात कोकणी बोलणारा माणूस ‘म्हाका दिसता’ एवढ्यावर ‘मला वाटते’ हे सांगून मोकळा होतो. दिसणे आणि वाटणे तिथे एकच झाले आहे. आपल्या शालेय व्याकरणात ‘मळमळते’, ‘उजाडले’, ‘सांजावले’ अशा शब्दांना भावकर्तृक क्रियापदे म्हणतात, कारण त्यांच्यात क्रियेचा भाव हाच कर्ता मानावा लागतो. लहानपणी मला हे नाव रुक्ष वाटे. आता वाटते की ज्याने ते दिले त्याने फार बारकाईने पाहिले होते.

इंग्रजीने आपली रचना बदलली म्हणून इंग्रज अधिक अहंकारी झाले आणि आपण ‘मला वाटते’ म्हणतो म्हणून अधिक नम्र आहोत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो मी टाळतो, कारण तो खरा नाही. ‘मला वाटते’ असे म्हणून हट्ट करणारी माणसे मी रोज पाहतो. पण भाषेत दोन गोष्टींसाठी दोन शब्द असणे आणि दोन गोष्टींसाठी एकच शब्द उरणे यात फरक आहे, आणि तो फरक आता मराठीतही पुसला जाऊ लागला आहे. विद्यार्थ्यांच्या निबंधांत ‘मी विचार करतो की पर्यावरण महत्त्वाचे आहे’ असे वाक्य सर्रास येते. त्यात विचार केलेला नसतो. त्याला तसे वाटते, एवढेच असते. ‘मी खूप आनंदी फील करतो’ असे म्हणणारा मुलगा आनंद झाल्याचेच सांगत असतो. परदेशात वाढलेल्या नातेवाइकांच्या लहान मुलांच्या तोंडून ‘मी आवडतो आंबा’ असे वाक्य मी ऐकले आहे. सारे कौतुकाने हसले. मला हसू आले नाही. सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये जे घडायला कित्येक पिढ्या लागल्या, ते एका जेवणाच्या टेबलावर एका वाक्यात घडताना मी पाहत होतो. त्या मुलाची आई त्याला शांतपणे म्हणाली, ‘मला आवडतो’ म्हण. त्याने म्हटले. तेव्हा मला त्या माउलीविषयी फार कृतज्ञता वाटली.

मागच्या वर्षी मी पदव्युत्तर वर्गाला भाषेच्या इतिहासावर काही तास दिले. ‘बेओवुल्फ’मधली ती अर्धी ओळ मी फळ्यावर देवनागरीत लिहिली, प्रत्येक शब्दाखाली मराठी शब्द लिहिला, आणि त्या बापाची गोष्ट सांगितली. ‘हिम’च्या खाली ‘त्याला’ बसले, ‘थूख्ते’च्या खाली ‘वाटले’ बसले, आणि वर्गात कुणालाच अडले नाही. ‘तो रूम’पाशी मी थांबलो आणि दुःखात घर मोठे कसे वाटेल, उलट ते अंगावर यायला हवे, आपण ‘घर खायला उठते’ असे म्हणतो, अशी शंका स्वतःच उपस्थित केली. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग खिडकीजवळ बसलेला एक मुलगा उभा राहिला. तो जवळच्याच एका खेड्यातून एस.टी.ने येतो. तो म्हणाला, “सर, आमचे आजोबा वारल्यापासून आजी वाड्याच्या पुढच्या सोप्यात झोपत नाही. स्वयंपाकघरात चुलीपाशी झोपते. तिला विचारले तर म्हणते, सोपा लई मोठा वाटतोय रे.”

मी खडू घेतला आणि त्या प्राचीन ओळीच्या खाली, मराठी शब्दांच्या रांगेखाली, त्याच्या आजीचे वाक्य लिहिले.